पोळीवरचं चमचाभर तूप

बाई,

तुमची सून मला गेल्या महिन्यात भेटली. जुळे सोलापुरात एका सोसायटीच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान होतं. हृदय आणि आपलं स्वयंपाकघर, असं काहीतरी मागच्या फलकावर लिहिलेलं. मी आता निवृत्त झालेय, पण दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून उभं आयुष्य काढल्यावर जीभ काही निवृत्त होत नाही. महिला मंडळं बोलावतात, मी जाते, शाल आणि नारळ घेऊन घरी येते. अशा व्याख्यानात सुरुवातीलाच बायका हसल्या नाहीत तर पुढचा सगळा वेळ त्या एकमेकींच्या साड्या बघण्यात घालवतात. म्हणून मी आधी एक नक्कल करते. ती नक्कल तुमची आहे.

पदर कमरेला खोचायचा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचा, टेबलावरचा एखादा डबा दोन्ही हातांनी वर उचलायचा आणि म्हणायचं, "मुलींनो, नीट बघा. हे वनस्पती तूप. स्वच्छ, पांढरं, टिकाऊ आणि साजूक तुपाइतकंच पौष्टिक!" मग डबा खाली ठेवून मी माझ्या आवाजात सांगते, "आमच्या बाईंनी आम्हाला शाळेत हे शिकवलं. त्या वर्गातल्या निम्म्या मुली आज माझ्या पेशंट आहेत." हॉल हसतो. कितीतरी वर्षं हसतोय, आणि मलाही तो हशा आवडतो, हे आधीच कबूल केलेलं बरं.

त्या दिवशीही हसला. व्याख्यान संपलं, गर्दी पांगली, मी चहाचा कप हातात घेतला तेवढ्यात एक बाई पुढं आली. केस पांढरे, हातात कापडी पिशवी. मी ओळखलं नाही. "आवो ताई, मला न्हाई वळखलं? तुमच्या बाईंची सून मी. मंगळवेढ्याची." मला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढणार. काढली असती तर बरं झालं असतं. ती हसली आणि म्हणाली, "अगदी आत्याबाई हुब्या केल्या की तुमी. पदर तस्साच खोचायच्या."

मग तिनं आवाज खाली घेतला. "एक इचारू का? लई वर्सं झाली, मनात हाय. त्या होळीला मी त्यांच्या पोळीवर चमचाभर साजूक तूप घातलं हुतं. तुमी बंद केलेलं. आन् पाडव्याच्या आत त्या गेल्या. तवापासनं मी कुनाच्या ताटात तूप वाढत न्हाई. वाटी मधी ठेवते, ज्यानं त्यानं घ्यावं. आज तुमी म्हनलात, साजूक तूप बेतानं चालतंय, ती डब्यातली घट्ट वनस्पती लई वाईट. मग आत्याबाई माज्या तुपानं गेल्या का न्हाई? काय खरं हाय ते सांगा."

बाई, मी काय उत्तर दिलं असेल? म्हणाले, "अहो, वयच झालं होतं त्यांचं." ती म्हणाली, "बासष्ट हे काय जायचं वय असतंय व्हय?" तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षीण नारळ घेऊन आल्या आणि मी तिकडं वळले. वळताना मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहितानाही कान तापतात. परत मागे बघितलं तेव्हा तुमची सून पिशवी सावरत पायऱ्या उतरत होती.

त्या दिवसापासून नक्कल घशात अडकलीय. ती खोटी नाही. तुम्ही ते शिकवत होता, डबाही असाच उचलायचा. पण मी तिच्यातून काय काय गाळते ते तुम्हाला माहीत आहे. पाकशास्त्राच्या तासाला प्रत्येकीनं घरून आपापला शिधा आणायचा, अशी पद्धत होती. आमच्या घरी माग. वडील टॉवेल विणायचे, आई दिवसभर विड्या वळायची, आणि तेल लागेल तसं छोट्या बाटलीतून यायचं. त्या घरातून वाटीभर तूप शाळेत न्यायचं म्हणजे आईनं मला आमच्या घरच्या तेलुगूतून ज्या शिव्या घातल्या असत्या त्या इथं लिहिता येत नाहीत. मी तुम्हाला सांगायची, "बाई, विसरले." दर वेळी विसरणाऱ्या मुली ठरलेल्या असायच्या. तुम्ही एकदाही विचारलं नाही, की बये, तुझं डोकं आहे की चाळण? कपाटातून तुमचा स्वतःचा डबा काढायचा, पळीनं एक पांढरा गोळा माझ्या वाटीत टाकायचा आणि पुढच्या मुलीकडं जायचं. साजूक तूप वाटणं तुम्हालाही परवडणारं नव्हतं. त्या डब्यानं आम्ही पहिल्यांदा शंकरपाळी केली, नानखटाई केली, आणि परीक्षेत पास झालो. हे मी व्याख्यानात सांगत नाही. यावर कोण हसणार?

आणि पौष्टिक म्हणत होता ते काय तुमच्या मनचं होतं? पुस्तकात तसंच होतं, जाहिरातीत तसंच होतं, डॉक्टरही तेच सांगायचे. झाडापासून आलेलं, म्हणजे जनावराच्या चरबीपेक्षा चांगलंच असणार, असा सगळ्यांचाच हिशेब. तुम्ही एकट्या चुकला नव्हता. पण सगळ्या गावाची नक्कल करता येत नाही, एका माणसाची करता येते.

शाळेत भट्टी नव्हती, तुम्हाला आठवत असेल. दिवाळीच्या आधी गावातल्या बायका मैदा, साखर, वनस्पती घेऊन बेकरीत जायच्या आणि बिस्किटं भाजून घेऊन डबे भरून परत यायच्या. तुम्ही आम्हाला तसंच नेलंत, शाळेमागच्या गल्लीतल्या चाचांच्या भट्टीवर. माझ्या गटानं माझ्यावर एकच काम सोपवलं होतं. बिस्किटांचा पत्रा भट्टीत गेला की तिथंच उभं राहायचं आणि बिस्किटांच्या कडा तांबूस दिसल्या की चाचांना हाक मारायची. मी गल्लीच्या तोंडाशी बोरं घेत उभी राहिले. परत आले तर पत्रा बाहेर आलेला, बिस्किटं काळी, आणि तुम्ही कमरेवर हात ठेवून उभ्या. मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "चाचांनी भट्टी जास्त तापवली, बाई."

चाचा काही बोलले नाहीत. फडक्याला हात पुसत राहिले. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तुम्ही ओरडला असता तर मी विसरून गेले असते. तुम्ही साध्या आवाजात म्हणालात, "चाचा उलटून बोलत नाहीत म्हणून त्यांच्यावर ढकललंस. जो उलटून बोलत नाही त्याच्यावर ढकलायला अक्कल लागत नाही ग." चाचाच मध्ये पडले. "जाने देव बाई, बच्ची है. हो जाता." तुम्ही मला त्यांची माफी मागायला लावलीत, मग ती काळी बिस्किटं सगळ्यांना वाटलीत आणि स्वतःही एक घेतलंत. खालची करपलेली बाजू सुरीनं खरवडून तुम्ही ते सगळं खाल्लंत. मी माझं खाल्लं नाही. घरी नेऊन धाकट्या भावाला दिलं.

मग मध्ये बरीच वर्षं जातात आणि तुम्ही माझ्यासमोर बसलेल्या आहात. दवाखान्यातली माझी खोली, टेबल माझं, स्टूल पेशंटचं, आणि त्या स्टुलावर तुम्ही. छातीत दुखून गेलंय, झटका सौम्य आहे, डॉक्टरांनी पथ्य समजून घ्यायला माझ्याकडं पाठवलंय. बरोबर ही सूनबाई, लग्न होऊन फार दिवस न झालेली, तुमच्या मागे उभी. तुम्ही पर्समधून पेन काढता आणि म्हणता, "सांगा मॅडम. आता तू शिकवायचं आणि मी लिहून घ्यायचं." तुमच्या आवाजात कौतुक आहे. मला ते इतकं आवडतं की माझा आवाज आपोआप मोठा होतो.

मी सांगते. साजूक तूप बंद, लोणी बंद, सायीचं दही बंद. शेंगांची चटणीही बंद. सोलापूरच्या माणसाला शेंगांची चटणी बंद सांगायला छाती लागते, आणि तेव्हा माझी छाती मोठी होती. भाकरीला काहीतरी हवं म्हणून मी ड्रॉवरमधून तो पिवळा प्लास्टिकचा डबा काढते. मार्गारीन. तेलापासून केलेलं, लोण्यासारखं दिसणारं. झाकणावर मोठ्या अक्षरात लिहिलंय की यात कोलेस्टेरॉल नाही. हे भाकरीला लावा, खिचडीवर घ्या, भाजीच्या फोडणीला वापरा. संध्याकाळी भजी नको, त्याऐवजी चहाबरोबर खारी चालेल. "तळलेली नाही, भाजलेली आहे," असं मी वर समजावते. खारीच्या एकेका पापुद्र्यामध्ये काय थापलेलं असतं याचा विचार माझ्या डोक्याला शिवतही नाही.

तुम्ही डबा हातात घेता, झाकण उघडून वास घेता. "म्हणजे हे आपल्या वनस्पतीसारखंच की ग?"

"नाही बाई," मी हसते. "ते जुनं झालं. हे सुधारलेलं."

"बरं," तुम्ही म्हणता आणि लिहून घेता.

तुमच्यासारखी पेशंट मला परत मिळाली नाही. बाकीचे लोक पथ्याला होकार देतात आणि दवाखान्याच्या फाटकातच भजी खातात. तुम्ही मात्र दर खेपेला सांगायचा, "पथ्य मोडलं नाही हं." लग्नकार्यात पंगतीतून उठून पर्समधला डबा काढायचा म्हणे. लोक चिडवायचे, तर तुमचं उत्तर ठरलेलं, "माझ्या विद्यार्थिनीनं सांगितलंय." दोन वर्षांहून जास्त तुम्ही ते खाल्लंत, रोज, तिन्ही त्रिकाळ. दर महिन्याला नवा डबा यायचा. तुमचे रक्ताचे रिपोर्ट सुधारत नव्हते. मी म्हणायची, "लपूनछपून काही खाताय का बाई?" तुम्ही कानाच्या पाळ्यांना हात लावायचा.

मग ती होळी आली आणि पाडव्याच्या आधीच तुम्ही गेलात. मी भेटायला आले तेव्हा बैठकीत माणसं बसलेली होती. तुमच्या मुलानं सगळ्यांसमोर मला विचारलं, "पथ्यात काही कमी पडलं का हो?" त्याचा चेहरा मला आठवतो. त्याला कुणालातरी काहीतरी विचारायचं होतं, एवढंच. पण माझ्या मनात आलं, हा माझ्यावर येतोय. मी म्हणाले, "तूप मी बंद सांगितलं होतं." वाक्य खरं होतं. पूर्ण नव्हतं, तिकडं येते. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं होळीला तूप वाढलेलं घरातल्या सगळ्यांनी बघितलं होतं. एकेक करून सगळे तिच्याकडं बघायला लागले. वड्याचं तेल वांग्यावर निघताना मी बघत बसले आणि चहा पिऊन उठले.

इथपर्यंत मी अडाणी होते असं म्हणता येईल. मला शिकवलं गेलं ते मी सांगितलं, जसं तुम्हाला शिकवलं गेलं ते तुम्ही सांगितलंत. पण काही वर्षांनी पुण्यात आमचं एक प्रशिक्षण झालं आणि तिथं एका डॉक्टरीणबाईंनी फळ्यावर काढून दाखवलं. तेलाचे रेणू वाकडे असतात, एकमेकांत नीट बसत नाहीत, म्हणून तेल पातळ राहतं. त्यात हायड्रोजन सोडून त्याला घट्ट करतात, आणि ते काम अर्धवट थांबवलं की काही रेणू वाकडे असायचे ते सरळ होतात. हीच ती ट्रान्स चरबी. शरीर तिला नेहमीच्या चरबीसारखीच घरात घेतं आणि मग सगळा कारभार बिघडतो. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उचलून घेण्याचं यकृताचं काम मंदावतं, म्हणून ते साठत जातं. शिरांमधून गोळा करून परत आणणारं चांगलं कोलेस्टेरॉल घटतं. साजूक तूप काही धुतल्या तांदळासारखं नाही, तेही जास्त झालं तर वाईट वाढवतं. पण चांगलं पाडत नाही. हे दोन्हीकडून मारतं. वनस्पतीच्या डब्यात हेच होतं, आणि त्या काळच्या पिवळ्या डब्यातही हेच होतं.

बाकीच्या जणी लिहून घेत होत्या. मी तुम्ही डब्याचा वास घेतलात ते आठवत बसले. सुधारलेलं म्हणाले होते मी. परत येताना मोडनिंबला गाडी चहाला थांबली, सगळे उतरले, मी जागची हलले नाही. ठरवलं, सोलापूरला पोचल्यावर आधी तुमच्या घरी जायचं. सोलापूरला पोचले आणि माझ्या घरी गेले. दुसऱ्या दिवशीपासून पेशंटना खारी बंद, टोस्ट बंद, मार्गारीन बंद असं सांगायला लागले, तेही असं, जणू मी कधी दुसरं काही सांगितलंच नव्हतं. आणि मंडळांत तुमची नक्कल सुरू केली. आधी पुण्याचं प्रशिक्षण, मग नक्कल. हा क्रम मी कधी स्वतःपुढं मांडला नव्हता. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं झालं. चूक कुणाच्या तरी नावावर टाकायची होती, आणि तुम्ही हाताशी होता.

आता सरकारनंही या चरबीवर बंधन घातलंय, डब्यांवर छापून येतं, कारखान्यांनी पद्धती बदलल्यात. मीही बदलले असं समजत होते. तुमची सून पायऱ्या उतरून गेली त्यानंतर आठ-पंधरा दिवस मी घरात नुसती चिडचिड करत होते. नवऱ्यानं विचारलं, "झालंय काय तुला?" त्यालाही सांगितलं नाही. शेवटी एका सकाळी रिक्षा केली आणि तुमच्या घरी गेले.

घरात ती एकटीच होती. तुमचा फोटो बैठकीतच आहे, चष्मा नाकाच्या शेंड्यावरच. मी बसले आणि पाणी पिऊन सरळ सुरुवात केली, कारण थांबले असते तर साड्यांवर बोलत बसले असते. रेणूबिणू तिला कडब्याच्या पेंडीवरून सांगितले. वाकडीतिकडी धाटं पेंडीत ढिली राहतात, सरळ धाटं घट्ट बसतात, तसं. तिला लगेच कळलं. मग म्हणाले, "मी तुमच्या सासूबाईंना जो पिवळा डबा सुरू केला होता, त्यात तीच चरबी होती. रोज पोटात जात होती. कशानं गेल्या हे आज कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही. पण त्या एका चमचा तुपानं गेल्या नाहीत, एवढं मी सांगते."

ती म्हणाली, "तो डबा मीच आनत हुते की दर म्हैन्याला. म्हंजे तेबी माज्याच हातानं."

"सांगितलं मी होतं," मी म्हणाले. "हात तुमचा, सांगणं माझं."

ती फोटोकडं बघत होती. "माज्या पोरीचं लगीन झालं. जावई पयल्यांदा जेवायला बसला. तवा त्याच्या पानात तूप वाढायला मी शेजारीण बोलवली. पोरीच्या सासूनं इचारलं, आईचा हात मोडलाय का? लोकं काय काय बोलली. ते समदं उगाच व्हय?"

मी मान हलवली.

"मग इतकी वर्सं का न्हाई सांगितलंत?"

"लाज वाटली."

"कुनाची?" तिनं विचारलं. रागानं नाही, खरंच कळून घ्यायचं होतं तिला. मी पाण्याचं रिकामं भांडं उचलून पुन्हा खाली ठेवलं.

मग ती उठली, म्हणाली, "जेवून जावा." मी नको म्हणायच्या आत तव्याचा आवाज यायला लागला. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगांची चटणी. तुपाची वाटी तिनं आणली आणि दोन ताटांच्या बरोबर मध्ये ठेवली. मी तिच्या हाताकडं बघत होते. तिचा हात वाटीवर क्षणभर थांबला आणि परत मांडीवर गेला. मीही तूप घेतलं नाही. दोघींनी कोरडी भाकरी खाल्ली.

जेवता जेवता ती म्हणाली, "एक मला आजून कळत न्हाई बगा. आत्याबाई पथ्य मोडनाऱ्यातल्या न्हवत्या. दोन वर्सं कुनाच्या घरचा लाडू तोंडात घातला न्हाई. आन् त्या होळीला आपनहून ताट पुढं केलं. म्हनल्या, वाढ ग, आज चालतंय. त्यांनी तुमाला इचारलं हुतं का?"

मी घास गिळला. म्हणाले, "आठवत नाही हो. फार वर्षं झाली."

"व्हय, खरं हाय," ती म्हणाली आणि मला अर्धी भाकरी आणखी वाढली.

मला आठवतंय, बाई. होळीच्या आदल्या आठवड्यात तुम्ही तपासणीला आला होता. जायला उठलात, दारापर्यंत गेलात आणि वळून विचारलंत, "सणाला पोळीवर एक चमचा साजूक तूप चालेल का ग? त्या डब्याचा आता कंटाळा आलाय." तुम्ही इतकं भीतभीत विचारलंत की मला हसू आलं. मी म्हणाले, "बाई, एका चमच्यानं काय होतंय? खा की." तुम्ही किती खूश होऊन गेलात. आणि दोन आठवड्यांनी तुमच्याच बैठकीत बसून मी सांगितलं की तूप मी बंद केलं होतं.

तिनं पथ्य मोडलं नव्हतं, तुम्हीही मोडलं नव्हतं. हे फक्त आपल्या दोघींना माहीत आहे. सूनबाईला अजूनही वाटतंय की डबा वाईट होता ते ठीक, पण ताईंचा शब्द तरी मी मोडलाच. तूप अजून मध्येच ठेवते ती.

हे सगळं खरं तर तिला लिहायला हवं. तिचं घर रिक्षानं जाण्याइतकं जवळ आहे, फोन नंबर तिनं स्वतः माझ्या मोबाईलमध्ये घालून दिलाय. मी मात्र वही घेऊन बसले आणि वर 'बाई' असं लिहिलं. ती परत विचारेल, कुनाची लाज. तुम्ही उलटून बोलणार नाही.